चढा पंचम

माझं घर सीवूड्सला आणि आमचं धृपदाचं निवासी शिबिर बेलापूरला, डोंगराच्या पायथ्याशी. मध्ये एकही स्टेशन नाही. तरी दर मे महिन्यात मी चादर, उशी, स्टीलचा तांब्या आणि ओडोमॉस पिशवीत भरून दहा दिवसांसाठी घर सोडते. नवरा दरवर्षी दारात उभा राहून विचारतो, "रात्री जेवायला येणार ना?" मी दरवर्षी चिडते. शिबिराचा नियम आहे की दहा दिवस आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, मग तुम्ही पुण्याहून आलेले असा की शेजारच्या सेक्टरमधून.

धृपद म्हणजे ख्यालाच्याही आधीचं गाणं. त्यात ताना नाहीत, मुरक्या नाहीत, साथीला पेटी नाही. गाणारा पाऊण तास एकेका सुरावर बसून आलापी करतो आणि मग पखवाज सुरू होतो. हे मी आमच्या सोसायटीत किमान दहा जणांना समजावून सांगितलं असेल. सगळ्यांनी शांतपणे ऐकून शेवटी "म्हणजे भजन का?" असंच विचारलं. आता मी "हो, भजनच" म्हणून मोकळी होते.

आमच्या गुरुजींचं वय अठ्ठ्याहत्तर. मी त्यांच्याकडे वीस वर्षं शिकतेय. बेलापूरच्या सरकारी कचेरीत नोकरी करत असताना दर शनिवारी जायची, निवृत्त झाल्यावर आठवड्यातून दोनदा जाते. माझी ओळख सगळीकडे फटकळ बाई अशीच आहे. ऑफिसात साहेबाला तोंडावर सांगायची की तुमची टिपणी चुकलीय. पार्किंगवरून सोसायटीच्या चेअरमनशी माझं अजून बोलणं नाही. पण गुरुजींसमोर बसले की मी पहिलीतली मुलगी होते. ते "पुन्हा" म्हणाले की पुन्हा म्हणायचं. का, कशासाठी, हे प्रश्न वीस वर्षांत माझ्या तोंडून बाहेर पडलेले नाहीत.

शिबिराचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. हॉलमध्ये सहा तंबोरे ओळीने ठेवलेले असतात आणि ते सहाच्या सहा गुरुजी स्वतः लावतात. आम्ही बावीस जण समोर मुकाट्याने बसायचं. अर्धा तास नुसतं ऐकायचं. गुरुजी म्हणतात, हाच पहिला धडा, गाणं नंतर. एकदा तंबोरे लागले की दुसऱ्या पहाटेपर्यंत कोणी खुंटीला हात लावायचा नाही, तार बारीक जुळवायच्या मण्यालाही नाही. काही वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी दुपारी आगाऊपणे एक तार सारखी केली होती. गुरुजी त्यांना रागावले नाहीत, फक्त दोन दिवस त्यांना गायला सांगितलंच नाही. तेव्हापासून आम्ही खुंट्यांकडे देवघरातल्या समईकडे बघावं तसं लांबूनच बघतो.

या वर्षी पहिल्याच पहाटे गुरुजींना अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास लागला. तंबोरे लागले, आम्ही छेडायला घेतले आणि मला वाटलं की पंचम चढा आहे, म्हणजे प जागेपेक्षा वर लागलाय. फार नाही, केसभर. पण धृपदात केसभर म्हणजे पुष्कळ झालं. तंबोरा अखंड खरा सूर सांगत असतो आणि तुम्ही त्याच्या कुशीत बसून गात असता. तोच किंचित खोटं बोलायला लागला तर गाणाऱ्याने जायचं कुठे? मी मनाशी म्हटलं, परकी खाट, झोप झाली नाही, आपलाच कान जड झाला असेल.

नाश्त्याला उपम्याच्या रांगेत मी शेजारच्या काकांचा अंदाज घेतला. हे काका मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात त्यांचा धान्याचा गाळा आहे. खर्जात त्यांच्यासारखा आवाज आमच्यात कोणाचा नाही.

"पंचम जरा…" मी म्हटलं.

"दमट हवा हाय ताई," ते चटकन म्हणाले. "आमच्या गोदामात गव्हाला ओल धरतीय, मग तारंचं काय घेऊन बसलाय."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. मग कोणी म्हणालं एसी फार थंड ठेवलाय, लाकूड आकसतं. कोणी म्हणालं तारा नव्या आहेत, बसायला वेळ घेतील. प्रत्येकाकडे एकेक कारण तयार होतं आणि एकाच्याही कारणात गुरुजी नव्हते.

दुसऱ्या पहाटेही तेच झालं. आमचा पंचम तंबोऱ्याच्या पंचमाशी भांडायला लागला आणि मग आम्ही जे केलं ते आमच्यासारखी माणसंच करू जाणोत. आम्ही आमचाच पंचम चढवला. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. पंधरा-वीस वर्षं घासून घासून तयार केलेले बावीस गळे हळूहळू सरकत त्या चुकीच्या सुराला जाऊन मिळाले. नवखा माणूस बेसूर गातो तेव्हा त्याला ते कळत नसतं. आम्हाला कळत होतं, आणि आम्ही एका सुरात, अगदी शिस्तीत बेसूर गात होतो. गुरुजी डोळे मिटून बसले होते. मध्येच डोळे उघडून आमच्या चेहऱ्यांकडे बघायचे आणि परत मिटायचे.

माझ्या खोलीत एक पखवाज वाजवणारी मुलगी होती. ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी करते, दहा दिवसांची रजा साठवून आली होती. दुपारी तिने दार लावलं आणि उशीच्या अभ्र्यातून फोन काढला. फोन शिबिरात बंद असतात, पण तिच्याकडे सूर मोजायचं अ‍ॅप होतं आणि सकाळी ओढणीखाली लपवून तिने ते लावलं होतं.

"काकू, हे बघा. पंचम सरळ सरळ वर आहे. काल पण होता. मला जाम टेन्शन आलंय."

"मला अ‍ॅप नको दाखवू. मला कान आहेत."

"मग सांगा ना त्यांना. तुमी तर कोणाला पण काय पण सांगता."

खरं होतं ते, म्हणूनच झोंबलं. मी तिला म्हटलं की सगळ्याच गोष्टी सांगायच्या नसतात, आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं.

तिसऱ्या पहाटे आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, ती घ्यायला ती, आणि गरम पाण्याला मी. आमचा स्वयंपाक करणाऱ्या बाई बेलापूर गावातल्याच, तिथल्या जुन्या घरातल्या. कणकेचा गोळा हातावर ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "तुमचे गुरुजींना डावे कानान आयकू येत नाय काय गो? मी चाय घेऊन त्या बाजूला उभी, तीनदा इचारला साकर घालू का. उजवीकरं गेली तवा बोलले."

तीन दिवस हवा, एसी आणि तारा यांच्यामागे लपलेली गोष्ट त्या बाईने पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता सांगून टाकली. मी गरम पाणी न घेताच परत आले. मला गेल्या काही महिन्यांतलं एकेक आठवायला लागलं. फोनवर ते हल्ली "नंतर बोलू" म्हणायचे. क्लासमध्ये मला नेहमी उजव्या हाताला बसवायचे. शिबिराच्या पहिल्या संध्याकाळीच त्यांनी जाहीर केलं होतं की शेवटच्या रविवारी या वर्षी ते गाणार नाहीत, आम्हीच गायचं. आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील.

हा शेवटचा रविवार म्हणजे शिबिराचा कळस. सकाळी नऊला बाहेरचे श्रोते येतात, दादरहून, पुण्याहून, काही स्वतः गाणारे. गुरुजी मंचावर बसून सर्वांसमोर साथीचे दोन तंबोरे लावतात आणि मग गातात. त्यांचं गाणं ऐकायला लोक येतातच, पण कित्येक जण ते तंबोरे लावणं ऐकायला वेळेच्या आधी येऊन बसतात. यंदा ते गाणार नाहीत म्हटल्यावर मला वाईट वाटलं होतं. आता सुटल्यासारखं वाटलं. रविवार टळला होता, राहता राहिल्या पहाटा.

त्या निभावायचा उपाय मी शोधून काढला. दुपारी दोन ते तीन विश्रांती असते. गुरुजी त्यांच्या खोलीत असतात, बाकीचे आडवे होतात. त्या वेळात मी हॉलमध्ये गेले. पखवाजवाली मुलगी दाराशी उभी राहिली. सहा तंबोऱ्यांच्या पंचमाच्या तारांचे सहा मणी मी एकेक करून सरकवले आणि पंचम जागेवर आणले. साठीला आलेली बाई मी, पण पेपर फोडणाऱ्या पोरासारखी अवस्था झाली होती. काम वीस मिनिटांत झालं.

त्या दुपारची बैठक मी विसरणार नाही. तंबोरे सुरू झाले आणि हॉलमधल्या बावीस जणांनी एकदम श्वास सोडला. काकांनी खर्ज लावला तेव्हा खिडकीची काच बारीक घुमली. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. गुरुजी आमच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बसलं आज." मला इतका आनंद झाला की संध्याकाळी मी दोन आंबे जास्त खाल्ले.

मग तो रोजचाच क्रम झाला. पहाटे गुरुजी लावायचे, पंचम चढा. आम्ही दुपारपर्यंत कसंबसं निभावायचो. दोन वाजता मी जाऊन तो उतरवायची. आपण गुरुजींना सांभाळून घेतोय या कल्पनेने मला थोडा अभिमानही वाटायला लागला होता, हे इथे कबूल करायला हवं.

आठव्या दिवशी, शुक्रवारी, दुपारच्या चहाला गुरुजी आमच्यात येऊन बसले. एरवी ते चहा खोलीत घेतात. चेहऱ्यावर फार दिवसांनी मोकळेपणा होता.

"रविवारी मी गाईन म्हणतो," ते म्हणाले. "खरं सांगतो, माझा स्वतःवर विश्वास राहिला नव्हता. सकाळी तुमचे चेहरे बघायचो आणि वाटायचं, आपल्याच लावण्यात काही खोट आहे. पण दुपारी तेच तंबोरे आणि तुम्ही किती निवांत गाता. म्हणजे सकाळच्या हवेचा दोष. तार बसायला वेळ लागतो एवढंच."

सगळे खाली बघायला लागले. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांना शंका आली होती, त्यांनी स्वतःहून माघार घेतली होती, आणि मी रोज दुपारी चोरून त्यांची शंका पुसून टाकत होते. आता ते भरल्या सभेत, माईकसमोर तंबोरे लावणार होते. पहिल्या रांगेतल्या कानांना पहिल्या झंकारात कळलं असतं. साठ वर्षांचं गाणं, आणि लोक घरी जाताना त्या चढ्या पंचमाबद्दल बोलले असते. ते बोलले नसते तर कोणीतरी फोनवर टिपलेलं रेकॉर्डिंग बोललं असतं.

काकांनी मला जिन्यापाशी गाठलं. "ताई, सांगू नका. गुरूला असं सांगत्यात व्हय? रविवारी सकाळी तुमीच कायतरी जुळवा."

"मंचावर त्यांच्या हातातला तंबोरा काढून घेऊ?"

ती मुलगी पायरीवर बसली होती, ती फक्त म्हणाली, "काकू, जा."

गुरुजी खोलीत खाटेवर बसले होते. पुढ्यात आंब्याच्या फोडी होत्या. मी त्यांच्या उजव्या बाजूला सतरंजीवर बसले. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं आयत्या वेळी गेली.

"गुरुजी, पहाटे पंचम चढा लागतो. पहिल्या दिवसापासून. दुपारी मी उतरवते."

हातातली फोड त्यांनी ताटलीत ठेवली आणि पंच्याला हात पुसले. एकेक बोट पुसत होते.

"डावा कान वर्ष झालं, गेलाय," ते म्हणाले. "डॉक्टरकडे जाऊन आलो. उजवा चांगला आहे असं समजत होतो."

"मला माफ करा. मी मण्यांना हात लावला."

"ते राहू दे. आणखी कोणाला कळलं होतं?"

मला खोटं बोलायचं होतं. "सगळ्यांना," मी म्हटलं.

"बावीसच्या बावीस?"

"हो."

"आणि रोज सकाळी माझ्यासमोर बसून तुम्ही चढे गायलात? जाणूनबुजून?"

"हो, गुरुजी."

मग त्यांना राग आला. वीस वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही, उलट खाली गेला.

"माझा कान वयाने गेला, त्याला इलाज नाही. तुमचे कान मी तयार केले होते. आयुष्यात तेवढंच केलं मी. तेही तुम्ही आणून माझ्या पायाशी ठेवलेत, मला बरं वाटावं म्हणून. कोणी मागितलं होतं?"

मी रडायला लागले. माझं रडणं त्यांना ऐकू गेलं की नाही ते मला माहीत नाही. थोड्या वेळाने ते "जा आता" म्हणाले आणि मी उठले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि लाज मण्याला हात लावल्याची नव्हतीच, चार महिन्यांच्या शिष्यानेही ज्यावर तोंड उघडलं असतं त्यावर वीस वर्षं शिकलेली मी गप्प बसले, त्याची होती.

शनिवारी पहाटे गुरुजी हॉलमध्ये आले नाहीत. तंबोरे कापडी गवसणीतच राहिले. आम्ही बावीस जण पाच वाजता येऊन समोर बसलो आणि साडेसहाला उठलो. मुलीने दोनदा चहा नेऊन दिला. तिने सांगितलं की ते खिडकीशी बसलेत आणि स्वतःशी हलकेच खर्ज लावतायत. रविवारचं काय, हे कोणीच विचारलं नाही. मला वाटत होतं की ते पुन्हा गाणार नाहीत, शिकवणारही नाहीत, आणि ते मी केलं. पिशवी भरून घरी निघून जावं असंही वाटलं. घर किती जवळ होतं.

रविवारी सकाळी नऊला हॉल भरला. पहिल्या रांगेत तेच दरवर्षीचे वयस्कर श्रोते, पाठ टेकायला भिंत शोधून बसलेले. गुरुजी पांढऱ्या सदऱ्यात आले, मंचावर बसले. मागे तंबोऱ्यावर डावीकडे काका आणि उजवीकडे मी, ही जोडी आधीच ठरलेली होती आणि त्यांनी ती बदलली नव्हती. त्यांनी नमस्कार केला आणि माझ्यापुढचा तंबोरा स्वतःकडे ओढला. हॉलमध्ये खोकणंसुद्धा थांबलं.

त्यांनी मधल्या जोडाच्या, म्हणजे सा-च्या तारा लावल्या. त्या छान लागल्या. खर्ज लावला, तोही. मग पंचमाला आले. खुंटी पिळली, मणी सरकवला, थांबले, परत छेडलं. आणि मग मान उजवीकडे वळवून, समोर माईक असताना, मला विचारलं, "लागला का?"

त्यांनी असं कोणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पहिल्या रांगेतली डोकी एकदम माझ्याकडे वळली. पंचम जवळजवळ लागला होता. आणखी एक केस. "हो" म्हटलं असतं तर निम्म्या लोकांना काही कळलं नसतं आणि उरलेल्यांनी सांभाळून घेतलं असतं. मला "हो" म्हणावंसं वाटलं, फार वाटलं. त्यांचा हात मण्यावर थांबलेला होता आणि तो हात म्हातारा होता.

"नाही, गुरुजी," मी म्हटलं. "चढा आहे अजून."

माईकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं. त्यांनी मणी थोडा सरकवला, तार छेडली, ती विरेपर्यंत थांबले.

"आता?"

मी डोळे मिटून ऐकलं. हॉल आमच्यासाठी थांबला होता.

"अजून नाही."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा मण्याला हात घातला.